कशावरून?

इतिहासातला एखादा प्रश्न पडला तर तो विचारायचा कुणाला, ही अडचण माझ्या लहानपणी आमच्या गावात कुणाला फारशी जाणवत नसे. प्रत्येक गावात एखादा तरी असा माणूस असायचा, की ज्याच्या सोप्यात जाऊन बसले म्हणजे निम्मे काम होई. आमच्याकडे शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर होते. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या बावीस खंडांपैकी तीन सुटे खंड त्यांच्याजवळ होते, आणि ते त्यांनी इतक्या वेळा वाचले होते की उरलेल्या एकोणीस खंडांत काय असेल हेही त्यांना ठाऊक असणार, अशी आम्हां पोरांची समजूत होती. प्रश्न विचारला की मास्तर लगेच उत्तर देत नसत. "बघून सांगतो," म्हणत. मग आठ-पंधरा दिवसांनी बाजारात गाठ पडली की भाजीची पिशवी खाली ठेवून ते उत्तर सुरू करीत. तोवर विचारणारा आपला प्रश्नच विसरलेला असे. एखादी गोष्ट त्यांनाही उलगडली नाही तर पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पत्त्यावर जोडकार्ड जाई. त्या कार्डाचा उत्तराचा अर्धा भाग परत आला की मास्तर तो सणाच्या फराळासारखा घरोघर दाखवीत फिरत.

मास्तर १९८९ साली वारले. पुढे मी धारवाडला इतिहास घेऊन एम. ए. झालो, शिक्षक झालो, आणि यथावकाश हेडमास्तरच्या खुर्चीत येऊन बसलो. या खुर्चीला प्रश्न पुष्कळ विचारले जातात; पण ते दुपारच्या जेवणाच्या तांदळाचे, एस. एस. एल. सी.च्या निकालाचे आणि गळक्या छपराचे. इतिहास आठवड्यातून सहा तासिका, आणि बाकीचा रात्री जेवण झाल्यावर.

त्यामुळे व्हॉट्सॲपवर इतिहासाचे ग्रुप निघाले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. पहिली एक-दोन वर्षे त्यांनी तो आनंद दिलाही. इंदूरच्या कुणा गृहस्थाने घरातल्या जुन्या कागदाचे छायाचित्र टाकावे, आणि अर्ध्या तासात साताऱ्याकडच्या कुणी त्यातल्या मोडीच्या चार ओळी लावून द्याव्यात, हे पाहताना मला मास्तरांच्या जोडकार्डाची आठवण होई. पण माणसे वाढली तशी कागदांची छायाचित्रे कमी झाली आणि भगव्या किंवा लाल-पिवळ्या चौकटीतला, कुणी लिहिला याचा पत्ता नसलेला मजकूर वाढला. या माध्यमात मजकूर हातोहात पुढे जातो आणि त्याचा लिहिणारा वाटेत गळून पडतो. मग जाब विचारायचा कुणाला? ज्याने पाठवला तो म्हणतो, "सर, मला आलं म्हणून मी पाठवलं." शिवाय एकदा वर सरकून गेलेली चर्चा पुन्हा कुणी उघडत नाही. म्हणून दर फेब्रुवारीत शिवजयंतीच्या तारखेचे भांडण पहिल्यापासून सुरू होई आणि वैशाखात बेळगावच्या चित्ररथांच्या मिरवणुकीच्या सुमारास तेच पुन्हा. मागल्या वर्षी कोण काय म्हणाले होते, हे कुणाच्याच गावी नसे.

तरीही मी त्या ग्रुपांत टिकून होतो. बाहेर पडलो ते बेळवडीच्या मल्लम्मेवरून.

आपल्या भागातल्या वाचकांना बेळवडी सांगायला नको. बैलहोंगल तालुक्यातले गाव. १६७७-७८ च्या कर्नाटक मोहिमेवरून शिवाजी महाराज परतत असताना तिथल्या देसायाच्या बायकोने गढी लढवली, ही कथा मराठीत आहे आणि कन्नडमध्येही आहे. मराठी बखरींत ती सावित्री, कन्नड परंपरेत मल्लम्मा. झाले असे, की एकाच आठवड्यात मला दोन ग्रुपांवर दोन मजकूर आले. मराठी ग्रुपवरच्या मजकुरात ही सगळी कथा अलीकडे रचलेली आहे, असे ठासून म्हटले होते. कन्नड शिक्षकांच्या ग्रुपवरच्या मजकुरात महाराजांचा तिथे पुरा पराभव होऊन त्यांनी लेखी माफी दिली, असे तितकेच ठासून. गंमत अशी, की दोन्ही मजकुरांवर एकच छायाचित्र होते, धारवाडजवळच्या यादवाडच्या शिल्पाचे.

मी मराठी ग्रुपवर विचारले, "कशावरून?" कन्नड ग्रुपवर विचारले, "आधार एनु?" दोन्हीकडून आधार आला नाही. मराठी ग्रुपवर एकाने विचारले, "सर, तुम्ही आधी सांगा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" तासाभराने कन्नड ग्रुपवर आले, "नीवु यार कडे, सर?" भाषांतर करून दिल्यासारखे. त्या दोन ग्रुपांतली माणसे एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत.

एवढ्यावरूनही मी कदाचित बाहेर पडलो नसतो. पण तेच दोन मजकूर शाळेत येऊन पोचले. नववीतली एक मुलगी. वडील आमच्याच गावचे, घरात मराठी. आई बैलहोंगलकडची, आजोळ सगळे कन्नड. पोर दोन्ही भाषांत सारखीच चुरचुरीत. १९ फेब्रुवारीच्या कार्यक्रमात तिचे भाषण ठरले होते आणि तिला बेळवडीवर बोलायचे होते. मधल्या सुट्टीत दाराशी येऊन उभी राहिली.

"सर, पप्पा म्हणायलेत असं काही झालंच नाही. मामा म्हणायलेत महाराज हरले. दोघंबी मोबाइल दाखवायलेत. मी कुठलं सांगू?"

"दोन्ही वाचलंस?"

"वाचलं की. पण दोन्हीत कुठून घेतलं ते नाही सर."

हे तिने दाराशी उभे राहून सांगितले. त्या दोन ग्रुपांत मिळून चारशेवर माणसे होती, पदव्या लावलेली, आणि हे कुणाला सुचले नव्हते. मी तिला सांगितले, "बघून सांगतो." त्या रात्री मी इतिहासाचे सगळे ग्रुप सोडले. पुढच्या रविवारी फेसबुकचे खातेही बंद केले. कुणी चौकशी केली नाही; फक्त एका जुन्या सहकाऱ्याने फोन करून विचारले, "तब्येत बरी आहे ना?"

बाहेर पडणे सोपे होते. पण पोरीला 'बघून सांगतो' म्हटले होते, तेव्हा बघायचे कुठे? मास्तरांचा सोपा आता नाही. त्या जागी मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे.

पुस्तकांची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' हा पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ साली छापलेला ग्रंथ असो, की 'शिवकालीन पत्रसारसंग्रह' असो, ज्यांच्यासाठी एके काळी एस. टी.ने पुणे गाठावे लागे आणि ग्रंथपालांची मर्जी सांभाळावी लागे, ती पुस्तके आता इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी पानन् पान उघडून वाचता येतात. मराठी विश्वकोश घरबसल्या चाळता येतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे; त्यातले पुष्कळ लेख कुपोषित आहेत, काही तर नुसते नाव लावून सोडून दिलेले. पण त्याची एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर 'चर्चा' आणि 'इतिहास पहा' अशा दोन खुणा असतात. कुणी कधी काय घातले, कुणी काय काढले, हे सगळे तिथे राहते. आणि आधार नसलेल्या वाक्यापुढे कुणीतरी अनोळखी माणूस 'संदर्भ हवा' असे दोन शब्द लिहून जातो. 'तुम्ही कुणाच्या बाजूचे' असे विचारीत नाही.

तरी पुस्तक हाताशी असणे वेगळे आणि ते कुणाबरोबर तरी वाचणे वेगळे. जुन्या लोकांनी हे कसे केले, ते मी त्या दिवसांत पुन्हा वाचून काढले. जदुनाथ सरकार बंगालचे, रियासतकार सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतले आणि नंतर कामशेतचे. या दोघांनी जवळजवळ अर्धे शतक एकमेकांना पत्रे लिहिली. मते नेहमी जुळली असे नाही. पण एकाला फारसी कागदात काही सापडले तर ते दुसऱ्याला कळवायचे, आणि दुसऱ्याने मराठी दप्तराशी ताडून बघायचे, हा क्रम चालू राहिला. पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत बाहेर पडले, त्यामागेही जदुनाथांचे पाठबळ होते.

आणि ज्या शिवजयंतीच्या तारखेवरून ग्रुपांत दरवर्षी डोकी फुटायची, तिचा उलगडा तरी कसा झाला? पूर्वी बखरींच्या आधाराने वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७, ही जन्मतिथी मानत. आपल्याकडची चित्ररथांची मिरवणूक आजही त्याच तिथीला धरून निघते. भोर संस्थानातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली छापली गेली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार, अशी नोंद निघाली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका घरच्या एका टिपणावर विश्वास कसा ठेवायचा, असे लोकांनी म्हटले, आणि ते रास्तच होते. पुढे तिकडे जोधपूरला जुन्या जन्मपत्रिकांच्या संग्रहात महाराजांची म्हणून एक कुंडली मिळाली, ती या तिथीशी जुळली. इकडे तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' दिवेकरांना सापडले, ते १९२७ साली छापून निघाले, त्यातही शके १५५१. कारी, जोधपूर आणि तंजावर. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. कुणी कुणाचे ऐकून लिहिले असे म्हणायला जागा नव्हती. तरीसुद्धा वाद संपायला पाऊणशे वर्षे गेली आणि महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली ती या शतकाच्या आरंभी. त्यातही ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. आजच्या गणनेने तो दिवस १ मार्च येतो. वार मात्र दोन्ही हिशेबांनी शुक्रवारच. (हा वाराचा हिशेब मी स्वतः कागदावर मांडून बघितला आहे. हेडमास्तरला निकालाचे टक्के काढण्याचा सराव असतो.)

मला अशी माणसे हवी होती. मिळाली ती मोडीमुळे.

२०२० च्या टाळेबंदीत घरी बसल्या बसल्या मोबाइलवरून मोडी शिकवणारे वर्ग निघाले होते. त्यांतल्या एका वर्गाला मी बसलो होतो. मोडी एकट्याने शिकायची लिपीच नव्हे, असे माझे मत झाले आहे. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता तिला अक्षरे टांगीत जातो. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तुम्हाला जिथे शब्द संपलासा वाटतो तिथे दुसऱ्याला तो सुरू झालासा वाटतो. एकाने मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी अडवावे, याशिवाय गत्यंतर नाही. वर्ग संपल्यावरही आम्ही पाचजण सरावासाठी टिकून राहिलो होतो. दर पंधरा दिवसांनी रविवारी रात्री नऊ वाजता एक पान वाचायचे. बडोद्याच्या एक निवृत्त ग्रंथपाल बाई, ग्वाल्हेरचे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, बंगळूरला नोकरीला असलेला निपाणीचा एक तरुण इंजिनिअर, बैलहोंगलचे एक चौऱ्याहत्तर वर्षांचे कन्नड शिक्षक आणि मी. मधल्या काळात काही कळवायचे असेल तर ई-मेल. बैलहोंगलचे सर कन्नडमध्ये लिहितात, मी त्यांना मराठीत उत्तर देतो, आणि बडोद्याच्या बाई दोन्ही पत्रे निपाणीच्या पोराकडून समजावून घेतात.

ग्रुप सोडल्यावर मी बेळवडीचा प्रश्न या पाचांपुढे ठेवला. मनात थोडी धाकधूक होती. बैलहोंगलचे सर त्याच मातीतले. मल्लम्मा त्यांच्या गावच्या मुलींना आईच्या दुधाबरोबर मिळालेली. ग्वाल्हेरचे गृहस्थ तर महाराजांचे नाव निघाले की खुर्चीत सरळ होऊन बसणारे. मी विचारले, या लढाईबद्दल आपल्याला नक्की काय माहीत आहे? बैलहोंगलचे सर पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "गोत्तिल्ला." माहीत नाही. "लहानपणापासून ऐकत आलोय. पण नक्की काय, गोत्तिल्ला." ग्वाल्हेरचे गृहस्थ मोठ्याने हसले आणि म्हणाले, "मग माझंही तेच." चारशे माणसांच्या ग्रुपांत मी इतक्या वर्षांत हा शब्द एकदाही ऐकला नव्हता, कन्नडमध्येही नाही आणि मराठीतही नाही.

मग कामाला लागलो. सगळ्यांत जवळच्या काळचा कागद निघाला तो इंग्रजांचा. राजापूरच्या वखारीतून लिहिलेल्या फेब्रुवारी १६७८ च्या पत्रात मजकूर आहे तो असा, की शिवाजी सध्या एका किल्ल्याला वेढा घालून बसला आहे. एवढी राज्ये जिंकणाऱ्या या माणसाला एक देसाईण काही आटोपत नाही. मोगलांकडून किंवा दख्खनी सुलतानांकडूनही झाली नव्हती एवढी त्याची नामुष्की झाली आहे, आणि ही बातमी त्याच्याच माणसांकडून आली आहे. ग्वाल्हेरचे गृहस्थ दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते, की राजापूरची इंग्रजांची वखार महाराजांनी १६६१ साली लुटली होती आणि त्या नुकसानभरपाईसाठी इंग्रज पुढे कित्येक वर्षे खेटे घालत होते. तेव्हा अशी बातमी लिहिताना त्यांची लेखणी जरा जास्त रंगली असेल, एवढे धरून चालावे. पण बातमी खोटी आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. मला हे पत्र फार आवडले. त्यांना ते लिहिताना जड गेले असणार.

बडोद्याच्या बाईंनी आणखी एक गाठ सोडवली. त्या काळी इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारीतले हे पत्र त्यांच्या जुन्या हिशेबाने १६७७ चे आणि आपल्या हिशेबाने १६७८ चे. हे ध्यानात घेतले नाही तर लढाई वर्षभर आधी जाऊन पडते, आणि तेव्हा महाराज भागानगरच्या बाजूला होते. एका मजकुरात मी 'तारखाच जुळत नाहीत, म्हणून सगळे खोटे' असे वाचले होते, त्याचे मूळ बहुधा हे.

पत्रात त्या बाईचे नाव नाही. ती नुसतीच एक देसाईण. नाव येते ते पुढच्या काळातल्या लिखाणातून आणि लोकांच्या तोंडून. मराठीत सावित्री, कन्नडमध्ये मल्लम्मा, नवरा ईशप्रभू. बखरीत ओझ्याचे बैल पळवण्यावरून ठिणगी पडली. वेढा सत्तावीस दिवस चालला. या सगळ्यांतली देसाईण एकच, असे आपण स्थळकाळावरून ठरवतो. ते ठरवणे वाजवी आहे, पण ते आपण ठरवतो, एवढे लक्षात ठेवायचे.

यादवाडला आम्ही तिघे प्रत्यक्षच गेलो. निपाणीचा पोरगा सुट्टीवर आला होता, बैलहोंगलचे सर बसने धारवाडला आले. चार वर्षे आवाज ओळखीचा असलेल्या माणसांना बसस्टँडवर पहिल्यांदा पाहताना चमत्कारिक वाटते. सर माझ्या कल्पनेपेक्षा बरेच ठेंगणे निघाले आणि तेही माझ्याकडे बघून असेच काहीतरी मनात म्हणत असावेत. शिल्प मारुतीच्या देवळापाशी आहे. वरच्या भागात घोड्यावरचा पुरुष, सोबत माणसे. खालच्या भागात तो बसलेला आहे, मांडीवर मूल आहे, समोर बाई. परंपरा सांगते, की गढी पडल्यावर महाराजांनी तिचा मान राखला, मुलाला मांडीवर घेतले, आणि त्याची आठवण म्हणून मल्लम्मेने हा दगड घडवून घेतला. सर बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "ज्या ग्रुपवर माफीचा मजकूर होता त्यावर ह्याचाच फोटो होता न्हवं? माफी कुठं दिसती ह्यात?" आणि थोडे थांबून म्हणाले, "आणि तुमच्या ग्रुपवर म्हणत होते काही झालंच नाही. मग हे पोर कुणाचं?"

विशेष असे, की मराठी बाजूची एक कथा याच अंगाने जाते. सखूजी गायकवाड नावाच्या सरदाराने त्या बाईशी गैरवर्तन केले म्हणून महाराजांनी त्याचे डोळे काढून त्याला कैदेत टाकले, अशी ती कथा. ती पुढच्या काळात लिहिली गेली आणि तिच्यावर किती भार टाकायचा, यावर आमच्यात एकमत नाही. बडोद्याच्या बाई फारसा टाकायला तयार नाहीत. पण एकमेकांच्या भाषेत न वाचलेल्या दोन परंपरा, गढी लढली आणि नंतर बाईचा मान राहिला, या दोन गोष्टींवर एक होतात. ग्रुपांवरचे दोन मजकूर नेमक्या याच दोन गोष्टी टाळून लिहिलेले होते.

हे सगळे मी मुलीपुढे ठेवले. भाषण तिचे तिनेच लिहिले. १९ फेब्रुवारीला ती सात मिनिटे बोलली. राजापूरच्या पत्रात काय आहे, ते कोणी लिहिले, त्याला महाराजांचा राग का असावा. बखरीत काय आहे. यादवाडच्या दगडात काय दिसते. आणि दोन वाक्ये कन्नडमध्ये, आजीकडून ऐकलेली, 'हे मी आजीकडून ऐकले' असे सांगून. कुठे कुणाचा जयजयकार नव्हता, म्हणून टाळ्या जरा उशिराच पडल्या. कार्यक्रमानंतर गावातले एक वजनदार गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "हेडमास्तर, पोरीच्या तोंडी हे कशाला? महाराजांच्या दिवशी?" मी त्यांना म्हटले, की महाराज असते तर पोरीला बक्षीस दिले असते. त्यांना ते पटले नाही. पुढच्या वर्षीच्या मंडपाच्या वर्गणीवर त्याचा परिणाम होईल असे दिसते. मुलीचे वडील मागच्या रांगेत होते, शेजारी मामा. कार्यक्रमाला दोघे मिळून आले होते हे मी नंतर ऐकले. घरी जाताना काय बोलले ते ठाऊक नाही.

मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा मधल्या सुट्टीत दाराशी.

"सर, राजापूरचं पत्र लिवलं तवा वेढा चालूच होता म्हणताय न्हवं?"

"होय."

"मग सत्तावीस दिवस कुठून मोजायचे? बातमी राजापूरला जायला किती दिवस लागले आसतील?"

बखरी आणि पत्र इतके दिवस समोर ठेवून आम्हां पाचजणांपैकी कुणाच्या हे मनात आले नव्हते. वेढा सुरू असल्याची बातमी बेळवडीहून निघाली, सह्याद्रीचा घाट उतरली आणि राजापूरला पोचली, तोवर इकडे काय झाले असेल? वेढा उठला असेल, गढी पडली असेल, किंवा अजून चालूही असेल. वाटेतले दिवस कळले तर लढाई कधी सुरू झाली याला निदान एक कड तरी मिळते. मी तो प्रश्न तिच्या नावाने पाचांना पाठवला. निपाणीच्या पोराने नकाशावर दोन-तीन घाटवाटा मोजून दाखवल्या, पण घोडेस्वार, पायी जासूद आणि ओझ्याचा बैल यांची चाल एक नव्हे, यावर गाडी अडली आहे. बडोद्याच्या बाई त्याच वखारीची आधीची-नंतरची पत्रे काढून किती दिवसांनी कुठली बातमी पोचली याचे टाचण करीत आहेत. त्यांचे अजून पुरे झालेले नाही.

बैलहोंगलच्या सरांचे उत्तर परवा आले. पहिला शब्द नेहमीचाच, गोत्तिल्ला. त्यापुढे लिहिले आहे, की त्यांच्या आजोबांच्या काळी मिरचीच्या गाड्या घाट उतरून कोकणात जात. त्या वाटेवरच्या मुक्कामांची नावे त्यांच्या चुलत्यांना अजून क्रमाने पाठ आहेत. चुलते एक्क्याण्णव वर्षांचे आहेत आणि फोनवर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून रविवारी सर स्वतः जाऊन विचारून येणार आहेत.